भावाचं फुप्फुस मिटलंय, तरी डॉक्टर छातीत हवा काढायची नळी घालत नाहीत. हा हलगर्जीपणा आहे का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी नाही. भाऊ २२ वर्षांचा, उंच, सडपातळ, आधीचा काही आजार नाही, धाप नाही आणि सॅच्युरेशनही (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) चांगलं आहे. मी छातीच्या वॉर्डात डॉक्टर आहे. असा मुलगा आला तर मीसुद्धा थांबूनच बघेन.

फुप्फुसाच्या शेंड्याला हवेचा बारीक फोड असतो. तो फुटला की हवा बाहेर येऊन फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये साठते आणि फुप्फुस आक्रसतं. किडकिडीत तरुणांत हे जास्त दिसतं, सिगारेट ओढणाऱ्यांत तर फारच. घरचे जिमला दोष देतात, पण बहुतेकदा पोरगा नुसता बसलेला असतो. श्वास घेताना चमक मारते, मग दिवसभरात ओसरतेही, म्हणून कित्येक जण गॅस समजून अंगावर काढतात.

पूर्वी एक्स-रेत हवा बरीच दिसली की नळी ठरलेलीच. २०२० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ३१६ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना नळी लागलीच नाही. शिवाय पहिल्या वर्षात पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण नळीवाल्यांपेक्षा त्यांच्यात कमी होतं. हवा हळूहळू आपोआप शोषली जाते, त्याला काही आठवडे लागतात.

हे सगळं निरोगी फुप्फुसाचं झालं. जुना टीबी किंवा विड्या ओढून सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) झालेल्या माणसाला थोडी हवाही जीवावर बेतू शकते. तिथे नळी लगेच घालावी लागते, नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत हवेचे बुडबुडे दिवसेंदिवस येत राहतात, आणि सगळेच घरी जात नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या काकांना नळी आहे म्हणून भावालाही हवी, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

धाप वाढली, नाडी धावू लागली, घाम फुटला किंवा ओठ निळसर झाले, तर राउंडची वाट बघू नका, तेव्हाच सिस्टरना हाक मारा.

पहिल्यांदा झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला हे पुन्हा होतं. सिगारेट सोडली तर धोका कमी होतो. दुसऱ्यांदा झालं तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विषय निघेल. एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुगलेलं दिसल्यावर किमान आठवडाभर विमान नको. मालवणला स्कूबा मात्र कायमचं बंद, निदान दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया होईपर्यंत तरी.

डॉक्टरांना पुढचा एक्स-रे कधी ते विचारा, आणि डिस्चार्जच्या कागदावर ती तारीख लिहून घ्या.