खोलीचं डिपॉझिट आणि खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळचा सटाण्याचा, पंचवटीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेल सोडून दोन मित्रांसोबत अमृतधामजवळ फ्लॅट घेतोय. भाडं 12,000, डिपॉझिट 36,000 आणि एजंटला एक महिन्याचं भाडं. पहिल्या महिन्याच्या भाड्यासकट माझ्या वाट्याला एकदम 20,000 येतात. माझं बँकेत विद्यार्थी खातं आहे, त्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलायची सोय, मिळेल का? वडिलांनी लहानपणी माझ्या नावावर ठेवलेली 50,000 ची एफडी आहे. ती मोडावी का?

नुसत्या विद्यार्थी खात्यावर मिळणार नाही. आपल्याकडचं विद्यार्थी खातं म्हणजे किमान शिल्लक ठेवायची अट नसलेलं बचत खातं. त्यावर उधारीची सोय नसते. पण एफडी आहे म्हटल्यावर तुमचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. ती मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. बँकेत याला ठेव तारण म्हणतात.

बँका साधारणपणे ठेवीच्या 75 ते 90 टक्क्यांपर्यंत मर्यादा देतात आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. ठेवीवर 6.5 टक्के मिळत असतील आणि ओव्हरड्राफ्ट 7.5 टक्क्यांनी असेल असं धरू. तुम्ही 20,000 उचलले आणि महिन्याला 4,000 भरत गेलात, तर पाच महिन्यांचं एकूण व्याज 375 रुपये होतं. व्याज उचललेल्यापैकी रोज जेवढी रक्कम फेडायची बाकी असेल तेवढ्यावर लागतं, मंजूर मर्यादेवर नाही. इकडे 50,000 ची ठेव आपलं व्याज मिळवतच राहते. मुदतीआधी मोडली तर जितके महिने झाले त्या मुदतीचा, म्हणजे बहुतेक वेळा कमीच, दर मिळतो आणि त्यातूनही अर्धा-एक टक्का दंड कापला जातो. तुम्हाला 20,000 हवेत, पण तोटा पूर्ण 50,000 वर बसतो.

अडचण येते ती कागदांची, आणि तुमच्या बाबतीत ती नक्की येईल. ठेव तुम्ही अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, असताना वडिलांना पालक दाखवून ठेवलेली आहे. अठरा पूर्ण झाल्यावर बँकेच्या नोंदीत तुमची स्वतःची सही, फोटो, पॅन आणि आधार चढवलेलं नसेल, तर त्या ठेवीवर कुठलाही व्यवहार होत नाही. म्हणून खोली बघायला निघण्याआधीच शाखेत जा. सटाण्याच्या शाखेतली ठेव असेल तर हे काम नाशिकच्या शाखेत होईल का, हे आधी फोन करून विचारा, नाहीतर एक चक्कर फुकट जाईल. सोबत मूळ पावती न्या, तिच्या मागे सही घेतात. ठेव संयुक्त नावावर असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. आणि ती पाच वर्षांची करबचतीची ठेव असेल तर विषयच संपला, तिच्यावर कर्ज मिळत नाही. एकट्याच्या नावावर ऑनलाइन काढलेल्या ठेवीवर मात्र बऱ्याच बँकांत नेट बँकिंगमधूनच काही मिनिटांत ओव्हरड्राफ्ट सुरू होतो.

खातं सुरू झाल्यावर हमखास होणारी चूक म्हणजे पूर्ण मर्यादा एकदम बचत खात्यात वळवून घेणं. त्या क्षणापासून सगळ्या रकमेवर व्याज सुरू होतं. ज्या दिवशी जेवढे द्यायचे, तेवढेच उचला. दुसरं, या कर्जाला ईएमआय नसतो. फोन येत नाही, कुणी मागत नाही, आणि मग मुदत संपली की बँक थकबाकी ठेवीतून वळती करून घेते. लहानपणापासून सांभाळलेली ठेव अशी नकळत संपते. घरून पैसे ज्या तारखेला येतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी 4,000 आपोआप वळते होतील अशी स्थायी सूचना बँकेला देऊन टाका.

आता 20,000 नीट उलगडून बघा. त्यातले 12,000 डिपॉझिटचे, ते परत येणार. 4,000 ब्रोकरेज आणि 4,000 भाडं, हे गेले. उधारी शक्यतो परत येणाऱ्या पैशांपुरतीच करावी. गादी, गॅस शेगडी, छोटा हत्तीचं भाडं हे खर्च त्याच मर्यादेतून केले तर फेड सेमिस्टरभर रेंगाळते. कॉट आणि कपाट घरमालकाकडून मिळतंय का ते आधी विचारा.

डिपॉझिट परत येणार हे धरून चाललो आहोत, तर ते येईल असा बंदोबस्तही करायला हवा. टोकन म्हणून हजार-दोन हजारांपेक्षा जास्त देऊ नका. बाकीचे कराराच्या दिवशी, थेट मालकाच्या खात्यात. एजंटच्या यूपीआयवर नाही. त्याआधी लाइट बिल किंवा घरपट्टीच्या पावतीवरचं नाव आणि करारातलं नाव एकच आहे ना ते पाहा. रक्कम, तारीख आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक करारात लिहून घ्या. तिघांचीही नावं करारात हवीत. डिपॉझिट एकाच्याच खात्यातून गेलं असेल, तर इतर दोघांनी त्याला किती दिले ते व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून ठेवा; मित्र मध्येच खोली सोडतो तेव्हा भांडण याचवरून होतं. रंगकामाचे किती कापणार, चावी दिल्यावर किती दिवसांत पैसे परत, हे आकडे कागदावर हवेत.

करार नोंदवलेलाच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ‘नोटरी करू, स्वस्त पडेल’ असं एजंट सांगतो, पण मुळात खर्च फार नाहीच. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के मानीव (म्हणजे मिळालं असं धरलेलं) व्याज यांच्या 0.25 टक्के. तुमच्या 11 महिन्यांच्या कराराला ते साधारण 340 रुपये येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर हाताळणी शुल्क आणि बायोमेट्रिक यंत्र घेऊन घरी येणाऱ्याची फी. हा खर्च कोण किती देणार, ते टोकन देतानाच ठरवा.

स्वाधार (वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीची राज्य सरकारची योजना) किंवा तशा एखाद्या निर्वाह भत्त्याला तुम्ही पात्र असाल तर अर्ज जरूर करा, पण तो पैसा हप्त्यांनी आणि उशिरा येतो. ओव्हरड्राफ्टची फेड त्याच्या भरवशावर ठेवू नका.

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला एमएस्सीसाठी जाते आहे. तिथल्या विद्यार्थी खात्यावर बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट मिळतो असं ऐकलं. खोलीचं डिपॉझिट त्यातून भागेल का? — इंदिरानगर, नाशिक

नाही. ती सोय आहे हे खरं, पण मुख्यतः तिथे काही वर्षं राहिलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. बाहेरून आलेल्यांना बँका जे खातं देतात, त्यावर साधारणपणे ओव्हरड्राफ्ट नसतो. शिवाय विद्यापीठाचं पत्र घेऊन खातं उघडेपर्यंत दिवस जातात आणि डिपॉझिट बहुधा इथून निघण्याआधीच भरावं लागतं. तिथल्या साध्या खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट तर वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास पडतो.

तेव्हा ही रक्कम इथूनच उभी करा : शैक्षणिक कर्जातून किंवा तुमच्या ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टमधून. कर्ज मंजूर होतानाच राहण्याचा खर्च त्यात लिहून घ्या, नंतर वाढवून मिळणं अवघड जातं. इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्याने, वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि खोली राखून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या. आठवड्याला 150 पौंड भाडं असेल तर 750 आणि 150. खासगी घर असेल तर मालकाने 30 दिवसांत डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करून तिला तसा कागद द्यायचा असतो. तो मागून घ्यायला सांगा.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा. एक अ‍ॅप ‘स्टुडंट ओव्हरड्राफ्ट’ म्हणून दहा मिनिटांत 10,000 देतंय. घेऊ द्यावं का? — सिडको, नाशिक

घेऊ देऊ नका. हा ओव्हरड्राफ्ट नव्हे, एका महिन्याचं कर्ज असतं. समजा प्रोसेसिंग फी 600 आणि तिच्यावर जीएसटी 108 आधीच कापले, तर हातात येतात 9,292. महिन्याने 10,250 भरायचे. म्हणजे 9,292 वापरायला 958 रुपये, महिन्याला दहा टक्क्यांच्या वर. ठेवीवरच्या 7.5 टक्क्यांच्या ओव्हरड्राफ्टवर 10,000 चं महिन्याचं व्याज 63 रुपये होतं.

घेऊन झालं असेल तर अ‍ॅपमधलं मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट्स स्टेटमेंट) उघडा. कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी कोण, वार्षिक दर किती, हे त्यात द्यावंच लागतं. किमान एक दिवसाची माघार घेण्याची मुदतही रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे; त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचा आकार परत केला तर दंड लागत नाही. विवरणच नसेल, किंवा अ‍ॅप फोनमधले संपर्क आणि फोटो मागत असेल, तर परवानगी काढून घ्या.

घरात तुमचं जनधन खातं सहा महिने नीट चाललेलं असेल तर त्यावर 10,000 पर्यंत ओव्हरड्राफ्टची तरतूद आहे, त्यातले 2,000 पर्यंत विनाअट. ही सोय एका कुटुंबात एकालाच, शक्यतो घरातल्या स्त्रीला मिळते. शाखेत पासबुक आणि आधार घेऊन जा आणि अर्जाची पोच घ्या.