फॅन्टसी बास्केटबॉलमध्ये स्वस्तात मिळणारे चांगले खेळाडू कसे ओळखायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा जणांची, नऊ कॅटेगरींची एनबीए (अमेरिकेतलं व्यावसायिक बास्केटबॉल) लीग आहे, म्हणजे ड्राफ्टमध्ये आळीपाळीने खरे खेळाडू निवडून संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतले नऊ प्रकारचे आकडे दर आठवड्याला दुसऱ्याच्या संघाशी ताडायचे. निवडीच्या पहिल्या चार-पाच फेऱ्या बऱ्या जातात, पुढे गुणांची सरासरी बघून खेळाडू घेता आणि तरीही आठवड्याच्या शेवटी हरता. पैसे लावून खेळावं का, हेही विचारलंय. आम्ही फोंड्यात मित्रमंडळी मिळून अशीच लीग चालवतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

मुळात गुण हा नऊपैकी एक रकाना. पण बातम्यांत तोच दिसतो, हायलाइट्समध्ये तोच दिसतो, म्हणून ड्राफ्टमध्ये सगळ्यांच्या उड्या त्यावरच. 12-14 गुण करणारा माणूस नोव्हेंबर उजाडल्यावरही फुकट पडलेला असतो. सामन्यामागे दीड ब्लॉक करणारा, म्हणजे समोरच्याचे शॉट हवेत अडवणारा, तसा सापडत नाही. तेव्हा सहाव्या फेरीनंतर गुणांच्या रकान्यावर हात ठेवा आणि उरलेले आठ वाचा.

एक उदाहरण नीट बघू. 2023-24 ला डायसन डॅनियल्स न्यू ऑर्लिन्सकडून सामन्यामागे साधारण 22 मिनिटं खेळायचा. गुण 5.8. गुणांवर यादी लावली तर हा पोरगा तळाशी. पण त्याच 22 मिनिटांत तो 1.4 स्टील काढत होता, म्हणजे समोरच्यांकडून चेंडू हिसकावत होता. 2024 च्या उन्हाळ्यात डेजाँटे मरेच्या सौद्यात तो अटलांटाला गेला, जिथे मरेची जागा रिकामीच झाली होती. आता त्रैराशिक मांडा: 22 मिनिटांत 1.4, तर 34 मिनिटांत दोनच्या थोडं वर. एवढे स्टील काढणारे अख्ख्या एनबीएत मोजके. प्रत्यक्षात 2024-25 ला तो जवळपास 34 मिनिटं खेळला, सामन्यामागे 3 स्टील काढून लीगमध्ये पहिला आला आणि सर्वाधिक प्रगती केलेल्या खेळाडूचा पुरस्कारही घेऊन गेला. तीनचा अंदाज कुणाच्या बापाला बांधता आला नसता. दोनचा मात्र कागद-पेन्सिलीने बांधता येत होता, आणि शेवटच्या फेऱ्यांतल्या खेळाडूकडून तेवढं मिळालं तरी खूप झालं.

आपल्याकडे देवळाच्या उत्सवातल्या नाटकात हेच होतं. नायकाचा आयत्या वेळी घसा बसतो, दोन वाक्यांचा शिपाई त्याची भूमिका निभावून नेतो आणि मांडवातले लोक तोंडात बोटं घालतात. तालमीला बसणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, कारण शिपायाला सगळं नाटक पाठ आहे हे त्यांनी महिनाभर पाहिलेलं असतं. तुम्हाला बसायचंय ते तालमीला. म्हणजे आकडे प्रत्येक सामन्यामागचे न बघता 36 मिनिटांमागचे बघायचे, आणि मग एकच प्रश्न विचारायचा: याच्यापुढचा माणूस हलणार आहे का?

माणूस हलतो तो सौद्यामुळे, दुखापतीमुळे किंवा करार संपल्यामुळे. जुलै 2022 मध्ये युटाने रुडी गोबेरला मिनेसोटाला दिलं आणि बदल्यात जे काही आलं त्यात वॉकर केसलर नावाचा नवखा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) होता. बातम्या सगळ्या गोबेरच्या आणि त्या ढीगभर ड्राफ्ट पिक्सच्या (पुढे नवे खेळाडू निवडायच्या हक्कांच्या). केसलरने त्या पहिल्याच हंगामात 23 मिनिटांत 2.3 ब्लॉक केले. डेन्व्हरचं उदाहरण तर दुहेरी आहे. योकिच आणि नुर्किच हे दोन सेंटर एकमेकांची मिनिटं खात होते. डिसेंबर 2016 मध्ये ती जागा योकिचला मिळाली, फेब्रुवारीत नुर्किच पोर्टलंडला गेला आणि तिथे तोही बहरला. 2014 च्या एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) 41 वा निवडलेला हा योकिच पुढे तीनदा एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, पण त्याच्या पहिल्या हंगामातच, 22 मिनिटांपेक्षाही कमी वेळात 10 गुण आणि 7 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू) हा आकडा सगळ्यांसमोर होता. म्हणून मी उन्हाळ्यातल्या सौद्यांच्या बातम्यांत कोण आला यापेक्षा कोण गेला हे आधी वाचतो.

36 मिनिटांचा आकडा फसवतोही, हे सांगायलाच हवं. रोज दहा-बारा मिनिटं खेळणारा उंच गडी कागदावर राक्षस दिसतो. त्याचे फाउल बघा. सहा फाउलला माणूस बाहेर जातो. बारा मिनिटांत तीन फाउल करणाऱ्याला कोच 30 मिनिटं देऊच शकत नाही, मनात असलं तरी. दुसरं म्हणजे, निकाल लागून गेलेल्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं उतरणाऱ्यांचे आकडे धरू नका. मी साधारण वीस मिनिटं खेळणाऱ्यांपासून पुढेच हे गणित करतो.

म्हाताऱ्यांकडेही बघा. लोकांना नवी पोरं आवडतात, त्यात चूक नाही, पण त्यामुळे पस्तिशीकडे झुकलेले चांगले खेळाडू घसरत खाली येतात. ब्रूक लोपेझ 2021-22 ला पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे फक्त 13 सामने खेळला. पुढच्या वर्षी, वयाच्या 34 व्या वर्षी, 78 सामने, जवळपास 16 गुण, अडीच ब्लॉक आणि वर सेंटर असून तीन गुणांचे शॉट! दुखापतीचं वर्ष आणि जन्मतारीख सोडली तर या माणसाला खाली ढकलायला दुसरं कारण नव्हतं.

टक्केवारीच्या दोन रकान्यांत (एक खेळातल्या शॉटचा, दुसरा फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) बहुतेक जण गोंधळतात. समजा तुमचा बाकी संघ आठवड्यात 100 फ्री थ्रोपैकी 80 घालतो. त्यात चार सामन्यांत 8 पैकी 4 घालणारा एक आला, तर 108 पैकी 84, म्हणजे 77.8 टक्के. फारसं बिघडलं नाही. त्याच्याऐवजी 40 पैकी 24 घालणारा आला तर 140 पैकी 104, थेट 74.3. पहिल्याची टक्केवारी 50, दुसऱ्याची 60, तरी बुडवतो दुसरा. तेव्हा 50 टक्केवाल्याला बघून नाक मुरडू नका. तो फ्री थ्रो किती घेतो ते बघा. आणि पहिल्या फेरीत यानिस (आंतेतोकुंपो, फ्री थ्रो भरपूर घेतो आणि बरेच चुकवतो) मिळाला असेल तर फ्री थ्रोचा रकाना सरळ सोडून द्या, म्हणजे पंट करा. मग इतरांनी फ्री थ्रोपायी टाळलेले सगळे सेंटर तुमच्यासाठी स्वस्त होतात. स्वस्त-महाग हे तुमच्या संघावर ठरतं. इंटरनेटवरच्या तयार याद्यांना ते कळत नाही.

हंगाम सुरू झाल्यावर दोन गोष्टी करा. एखाद्या चांगल्या शूटरचे तीन गुणांचे शॉट दोन-तीन आठवडे जात नसतील, पण मिनिटं तीच आणि शॉटही तेवढेच घेत असेल, तर त्याच्या वैतागलेल्या मालकाला लगेच सौदा विचारा. मिनिटं कमी झाली असतील तर मात्र हात लावू नका.

दुसरी गोष्ट पहाटेची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी साडेसातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होतो, पश्चिमेचा नऊला. सुरुवातीचे पाच खेळाडू अर्धा तास आधी जाहीर होतात, म्हणजे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजतो त्याच सुमाराला. आयत्या वेळी कुणी बसला की त्याच्या बदलीचा माणूस तेव्हा मोकळा असतो. तुमची लीग गोव्यातलीच असेल तर बाकीचे नऊ जण त्या वेळी घोरत असतात! आमच्याकडे एकजण निव्वळ लवकर उठतो म्हणून वरच्या तिघांत असतो. बास्केटबॉलचं त्याचं ज्ञान यथातथाच आहे, हे त्याला तोंडावर सांगून झालंय.

बेंचवरची एक जागा यासाठी कायम फिरती ठेवा. मार्चमध्ये ती सगळ्यात जास्त कामाला येते. तळाच्या संघांना तेव्हा जिंकण्यात रस नसतो, बडे खेळाडू या ना त्या दुखण्याने बसतात आणि नाव न ऐकलेली पोरं 30 मिनिटं खेळतात. फॅन्टसीचे प्लेऑफही (शेवटच्या बाद फेऱ्या) त्याच दिवसांत.

पैशांचं म्हणाल तर नको. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, फॅन्टसीही त्यात आली. मांडवीतल्या कॅसिनोंकडे बघून गोव्यात चालतं असं समजू नका. याहू किंवा ईएसपीएनवर फुकट लीग बनवा. आमच्यात शेवटचा येणारा सगळ्यांना रस ऑम्लेट (रश्शातलं ऑम्लेट) खाऊ घालतो, तेवढी टांगती तलवार पुरते.