गोठ्यात रात्रभर दिवा

प्रश्न : डॉक्टरकाका, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या चार म्हशी आहेत. उन्हाळ्यात एकही माजावर येत नाही. दिवाळीच्या सुमारास सगळ्या येतात, पुढच्या पावसाळ्याअखेर एकदम व्यातात, आणि मे-जूनमध्ये दूध आटल्यामुळे रतीब तोडावे लागतात. मुलगा म्हणतो, गोठ्यात रात्रभर एलईडी लावू, म्हशी फसतील. फसतील का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : फसतील, पण उलट्या बाजूला. चिरंजीवांनी कोंबड्यांच्या शेडमधला दिवा पाहिलेला दिसतो. कोंबडीला लांब दिवस लागतो. म्हैस मात्र शेळी-मेंढीच्या पंगतीतली, दिवस लहान होऊ लागले की माजावर येणारी. रात्रभर दिवा म्हणजे तिच्यासाठी बारमाही जून.

ग्वाल्हेरात जूनचा मोठा दिवस पावणेचौदा तासांचा, डिसेंबरातला लहान दिवस साडेदहाचा. मेंदूतली पीनियल ग्रंथी अंधारात मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. रात्र लांबली की ते जास्त वेळ स्रवतं आणि त्यावरून शरीराला ऋतू कळतो. म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण राहते, म्हणजे हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत पारडू हवं तर तयारी आदल्या दिवाळीतच लागते.

‘मग अंधारच वाढवू’ म्हणाल, तर जरा थांबा. कित्येक प्राण्यांत वर्षाचं घड्याळ आतूनही चालतं. १९६०च्या सुमारास कॅनडात पेंगेली आणि फिशर यांनी सोनेरी पाठीच्या भुईखारी बिनखिडकीच्या खोलीत ठेवल्या. शून्य अंश तापमान, रोज बारा तास दिवा. बाहेर कोणता महिना चाललाय ते कळायला वाव नव्हता. तरी ऑगस्टात हुंदडणाऱ्या खारी ऑक्टोबरात अंग मुडपून शीतनिद्रेत गेल्या आणि वसंतात उठल्या. पुढेही हे चक्र चालूच राहिलं, फक्त त्यांचं वर्ष ३६५ दिवसांहून थोडं तोकडं निघालं. आपलं चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून आपण अधिक मास घालतो; रानातल्या खारींचा हिशेब दिवसाच्या लांबीवरून जुळतो. एकसारख्या उजेडात ठेवलेल्या मेंढ्यांतही असं आतलं चक्र दिसलं आहे. अशा व्यवस्थेशी बटण दाबून खेळू नये, असं माझं मत.

सुदैवाने म्हैस मेंढीइतकी हट्टी नाही. उन्हाळ्यातही ती माजावर येते, पण तो मुका माज असतो. ती रेकत नाही, आणि माज बहुधा रात्री किंवा पहाटे येऊन जातो. नोकरीत असताना भिंडकडच्या एका गोठ्यात मालक शपथेवर सांगत होता, ‘हिला काही नाही.’ त्याची तांबूस, भदावरी जातीची म्हैस निवांत रवंथ करत बसलेली. शेपटीखाली टॉर्च मारला, तर बळसाची, म्हणजे माजावर गळणाऱ्या चिकट स्रावाची, लांब पारदर्शक तार लोंबत होती!

तेव्हा एलईडीच्या पैशांत छपरावर पाचट घाला, दुपारी म्हशींवर दोन-तीनदा पाणी मारा, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण तोडू नका. पहाटे धारेच्या आधी चौघींची शेपटी उचलून बघा. पहाटे माज दिसला तर रेतन त्याच संध्याकाळी करून घ्या, आणि चिरंजीवांना टॉर्च धरायला उठवा.