पुण्याची नोकरी सोडून जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयात कंत्राटी ॲप डेव्हलपर म्हणून यावं का?

तुमच्या प्रश्नातल्या दोन शब्दांसाठी हे लिहायला बसलो: 'नुसते फॉर्म'. तुम्ही म्हणता, पुण्यात तीन वर्षं अँड्रॉइडचं काम केलंय, घर विदर्भात आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी 11 महिन्यांच्या करारावर जागा निघाली आहे, आणि मित्र सांगतात की सरकारी ॲप म्हणजे नुसते फॉर्म, दोन वर्षांत हात गंजतील. माझे भाऊजी हिंजवडीला असतात. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ते मला हेच ऐकवतात. त्यामुळे राग तुमच्यावर नाही, पण निघणार तुमच्यावर.

मी सहा वर्षांपासून विदर्भातल्या एका जिल्ह्यात असाच कंत्राटी डेव्हलपर आहे. कोणता जिल्हा, कोणतं कार्यालय ते विचारू नका. मार्चमध्ये ऑर्डर रिन्यू व्हायची आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात विषय एकच, पाणी. टंचाई आराखडा, विहिरींचं अधिग्रहण, टँकर आणि बंद पडलेले हातपंप. एका वर्षी साहेबांच्या मनात आलं की हातपंप दुरुस्तीचं ॲप करायचं. ग्रामसेवकाने तक्रार टाकायची, पथकातल्या मेकॅनिकने जाऊन दुरुस्ती करायची, पाणी येत असल्याचा फोटो टाकायचा, आणि सोमवारच्या आढाव्यात पडद्यावर हिरवे-लाल ठिपके दिसले पाहिजेत. ॲप करायला मला मुदत पंधरा दिवस. फोटो गॅलरीतून घेता येता कामा नये, लोकेशन 'लाइव्ह'च पाहिजे, कारण आदल्या वर्षी कोणीतरी एकाच हातपंपाचा फोटो पाच गावांच्या बिलाला जोडला होता. म्हणजे मागणी काही चूक नव्हती. मी करून दिलं. चार पडदे, एक कॅमेरा, एक सबमिट. भाऊजींच्या भाषेत फॉर्मच.

तिसऱ्या का चौथ्या सोमवारी आढावा सुरू होता. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन पडदा चालवत होतो. एका जंगलालगतच्या गावाचा ठिपका गावात नव्हताच, अडीच किलोमीटर दूर टेकडीवर होता. साहेब म्हणाले, झूम करा. मी झूम केलं. अजून करा. अजून केलं. खाली नुसतं हिरवं जंगल. "हातपंप टेकडीवर कधीपासून बसवायला लागलो आपण?" सगळे हसले. मेकॅनिकला कारणे दाखवा नोटीस काढा, असं तिथल्या तिथे ठरलं.

मला झूम करता करताच कळलं होतं. गावात रेंज नाही. त्या माणसाने फोटो गावातच काढला, पण पाठवण्यासाठी रेंज शोधत तो टेकडीवर चढला. आणि मी लोकेशन घेत होतो ते सबमिट दाबल्यावर. फोटो काढताना नाही. एका ओळीची चूक, ती माझी. तेवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बोललो नाही. लॅपटॉपवर पुढचा तालुका उघडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मेकॅनिक काका कार्यालयाबाहेरच्या टपरीवर भेटले. निवृत्तीला चार वर्षं राहिलेला माणूस, हाताच्या रेषांमध्ये ग्रीस बसलेलं, ते आता धुऊनही निघत नाही. खर्रा तोंडात होता म्हणून आधी नुसतं बघत राहिले. मग थुंकून आले आणि म्हणाले, "पाय बाबू, बोरिंग खोलाले मले दोन घंटे लागते अन् तुहा फोटो चढवाले तीन. चकरी फिरूनच राह्यते. चढून गेलो टेकडीवर, तं तुह्या मोबाईलनं मलेच चोर ठरोलं."

त्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकून त्यांच्या गाडीमागे बसून हिंडलो. रजा, कारण कंत्राटी माणसाला दौरा लागू नाही. सहा वर्षांत जे शिकलो त्यातलं निम्मं त्या दोन दिवसांतलं आहे. काकांचा फोन 2 जीबी रॅमचा, प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला, पन्नीवरूनच बोट फिरवायचे. आत जागा शिल्लक नाही, कारण ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो. हातपंपाचा माथा खोलून साखळी सोडायची, मग दहा-दहा फुटांचे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढायचे, शंभर फुटांवर सिलेंडर असेल तर दहा पाइप, शेवटी झिजलेलं वॉशर हातात येतं. ते बदलून सगळं परत खाली. अंगावर चिखल, गावातल्या बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या. मग काका पॅंटला हात पुसतात, फोन काढतात, फॉर्म भरतात, गाव, वस्ती, पंपाचा नंबर, काय बदललं. कॅमेऱ्याचं बटण दाबतात. फोटो काढून परत येतात तर फॉर्म कोरा.

तुम्हाला कारण कळलंच असेल. रॅम कमी, कॅमेरा उघडला की अँड्रॉइड मागचं ॲप मारून टाकतं, आणि मी भरलेली माहिती कुठेच साठवली नव्हती. माझ्या टेबलावरच्या 8 जीबीच्या फोनवर असं एकदाही झालं नव्हतं. काका माझ्यासमोर तोच फॉर्म चौथ्यांदा भरत होते, तक्रार न करता. त्यांना वाटत होतं, ॲप असंच असतं.

परत येऊन सगळं पुन्हा लिहिलं. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर लगेच फोनमध्येच साठवायचं. शटर दाबलं त्या क्षणाचं लोकेशन आणि वेळ फोटोबरोबर बांधून ठेवायची, रेंज आली की मागून आपोआप जाईल. प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक फोनवरच द्यायचा, नाहीतर अर्धवट रेंजमध्ये सर्व्हरचं उत्तर परत येत नाही, ॲप पुन्हा पाठवतं आणि एकच हातपंप तीनदा दुरुस्त झालेला दिसतो. फोटो पाठवण्याआधी बारीक करायचा. ह्यातलं काहीही नवीन नाही, पुस्तकात सगळं आहे. पण पुस्तकातलं पटायला मला कोरा फॉर्म बघावा लागला.

आणि लेखी दिलं. 'ठिकाणातील तफावत ही ॲपमधील तांत्रिक त्रुटीमुळे असून संबंधित कर्मचाऱ्याचा दोष नाही.' आमचे हेडक्लार्क म्हणाले, "कंत्राटी माणूस आहेस, लेखी कशाला देतोस? तोंडी सांग, विसरून जातील सगळे." दिलं तरी. टिपणीवर आधी 'चर्चा करावी' असा शेरा आला, मग चर्चा झाली, मग नोटीस दप्तरी दाखल झाली, म्हणजे प्रकरण तिथेच मिटलं. त्या वर्षी माझी ऑर्डर मे महिन्यात निघाली. दोन्हीचा संबंध असेलच असं नाही.

भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे टेस्टिंगमध्येच पकडलं असतं." असतं की नाही, मला शंका आहे. त्यांची टेस्टिंगची खोली वातानुकूलित आहे आणि तिथे रेंज आहे.

आता 'शिकायला काय मिळणार' त्याबद्दल. एक नमुना सांगतो. विदर्भात कुऱ्हा नावाची गावं एकापेक्षा जास्त आहेत. एका ग्रामसेवक मॅडमचा फोन आला, यादीत माझं गाव दिसतं पण शोधलं की सापडत नाही. बघतो तर खरंच. एकाने खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त आणि मग ह असं टाइप केलेलं. दुसऱ्याच्या कीबोर्डवरून साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारा एक जोडवर्ण आणि मग ह. पडद्यावर दोन्हीकडे 'कुऱ्हा'च दिसतं, मशीनच्या लेखी दोन वेगळी गावं. त्यात निम्मी यादी कृतिदेव ह्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून बदलून घेतलेली, तिच्यातले घोळ आणखी वेगळे. वऱ्हाडात बसून ॲप करतोय आणि 'वऱ्हाड' शोधता येत नाही! ह्यावर मी तीन दिवस घालवले आणि आजही ते माझं सगळ्यात आवडतं काम आहे. हिंजवडीत हा प्रश्न कोणाच्या वाट्याला आला असता?

ज्यांना हे नुसते फॉर्म वाटतात, त्यांनी 2021 आठवावं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. कमी ताकदीचे फोन आणि इंग्रजीतलं ॲप. फॉर्मच होता तो. रोजगार हमीवर मजुरांची हजेरीही 1 जानेवारी 2023 पासून ॲपनेच सक्तीची झाली, दिवसातून दोन फोटो. तिथे फोटो चढला नाही तर मजुरी अडते. फॉर्म चुकला की कोणाचं तरी पोट चुकतं, एवढं डोक्यात ठेवून काम करणार असाल तर या.

नोकरीचं म्हणाल तर, कंत्राटी म्हणजे कंत्राटीच, मनात भ्रम ठेवू नका. कायम व्हायचं असेल तर एनआयसीची परीक्षा द्या, ते केंद्र सरकारचं संगणकाचं काम बघणारं खातं आहे, 1976 पासूनचं, जिल्ह्याजिल्ह्यात त्यांचं केंद्र आहे. आमचं तसं नाही. 2023 च्या सप्टेंबरात एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला आणि ऑक्टोबरात रद्दही झाला. तेवढ्या दिवसांत आमच्याकडे आधी 'आता एजन्सीकडे जावं लागणार' म्हणून घबराट झाली, मग 'आता सगळेच घरी जाणार' म्हणून. मानधन कधी तीन-तीन महिने येत नाही, मग एकदम येतं. लग्न व्हायचं असेल तर मुलीकडचे पहिला प्रश्न 'परमनंट आहे का' हाच विचारतील.

मुलाखतीत पगाराइतकंच हेही विचारा: प्ले स्टोअरचं खातं कोणाच्या नावावर आहे? माझ्या आधीच्या पोराने ते स्वतःच्या जीमेलवर उघडलं होतं. तो नागपूरला गेला, नंबर बदलला, ॲप तसंच लटकलं. मला नव्या नावाने दुसरं टाकावं लागलं आणि वर्षभर लोकांच्या फोनमध्ये दोन-दोन आयकॉन होते, अर्धे लोक जुन्यातच माहिती भरत. दुसरं, देखभालीला पैसे आहेत का? गूगल दर वर्षी नव्या अँड्रॉइडप्रमाणे ॲप बदलायला लावतं. 31 ऑगस्ट 2025 पासून एपीआय 35, म्हणजे अँड्रॉइड 15 च्या पातळीशिवाय अपडेट टाकता येत नाही. सरकारी फाइलमध्ये रस्त्याला देखभाल-दुरुस्तीचं लेखाशीर्ष असतं, ॲपला नसतं. तिथे शेरा असतो 'काम पूर्ण'. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा ऑडिट झालंय का, तेही विचारा. उत्तर बहुतेक 'प्रक्रियेत आहे' असं येईल.

आणि एक कौशल्य तुम्हाला पुण्यात कोणी शिकवलं नसेल: ॲप नको असं म्हणणं. मागच्या वर्षी शाळांच्या संडासांचं ॲप करा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, वर्षातून एकदा भरायची माहिती आहे, एक्सेल पाठवा, चार दिवसांत येते. साहेबांना पटलं नाही. ॲप केलं. चार महिन्यांत निम्म्या शाळा-केंद्रांकडून माहिती आली, उरलेल्यांकडून शेवटी एक्सेलच मागवली, त्यातही बऱ्याच रकान्यांत 'निरंक'. ह्याबाबतीत मात्र भाऊजी म्हणतात ते खरं आहे, निम्मं काम पाण्यात जातं. हे मी त्यांच्यासमोर कबूल करणार नाही.

तुम्ही यावं का? टेबलावर बसून ॲप करणार असाल तर पुण्यातच बरे, तिथे पगार वेळेवर होतो. गावात जाऊन चिखलात उभं राहायची तयारी असेल तर या, हात गंजणार नाहीत. भाऊजींनी आतापर्यंत किती ॲपवर काम केलं ते मला माहीत नाही, पण त्यांचं ॲप वापरणारा एकही माणूस त्यांना समोरासमोर भेटलेला नाही. माझे काका अजून फोन करतात. निवृत्त झाले, तरी पथकातल्या नव्या पोरांच्या तक्रारी तेच सांगतात, "ते चकरी पुन्हा फिरून राह्यली, बाबू."

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हे सगळं एका जिल्ह्याचं, एका माणसाचं आहे, दुसरीकडे साहेब बरे असतील, पगार बरा असेल. आणि माझं घर स्वतःचं आहे, तीन एकर पऱ्हाटीचं वावर आहे, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, परमनंट. तीन महिने मानधन आलं नाही तरी आमच्याकडे किराणा येतो. भाऊजींनी हा मुद्दा अजून काढलेला नाही, म्हणून इथे मीच सांगून टाकला.