वाचक विचारतात : ओठांवरची प्रार्थना आणि टॅक्सीचं बिल

प्रश्न : माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाला (सामूहिक प्रार्थनेला) मी नेमाने जाते. तोंडाने प्रार्थना चालते, मन मात्र भाजी, मुलाची फी आणि लोकलच्या वेळेत. ही पोकळ उपासनाच ना? (वाचक, माटुंगा)

उत्तर : नाही. मन भटकणं वेगळं, उपासना पोकळ असणं वेगळं. लोक ओठांनी मान देतात पण अंतःकरण दूर असतं, हे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं (२९:१३) बोलणं येशू मत्तय १५ मध्ये परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, ऐकवतो. तेच वाचून अनेक भाविक धास्तावतात. त्याच यशयाचा पहिला अध्याय काढा. तिथे यज्ञ, सण, लांबलचक प्रार्थना, सगळं जोरात चाललंय. देव तोंड फिरवतो ते उपासकांचे हात रक्ताने भरलेत म्हणून. आणि उपाय काय सांगतो? अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या (१:१७). 'आणखी तल्लीन व्हा' असं कुठेही नाही.

मन गेलं की त्याच्यामागे धावू नका, चालू ओळीवर परत या. फीची चिंता पुन्हापुन्हा येत असेल तर तीच विनंती म्हणून मांडा. खरी चाचणी मत्तय ५:२३-२४ मध्ये आहे : वेदीपाशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं आणि आधी समेट करायचा. येशूचं हे बोलणं ऐकणारे बहुतेक गालीलकडचे, आणि वेदी यरुशलेमात. तिथलं मंदिर गालीलहून पायी तीनेक दिवसांवर. जाऊन परत यायचं म्हणजे आठवडा गेला! आपल्याला माहीमहून कल्याणच्या रुसलेल्या जावेकडे जायला दीड तास पुरतो.

प्रश्न : ऑफिसच्या कामाला लोकलने जातो आणि टॅक्सीचं बिल लावतो. रक्कम किरकोळ, सगळेच करतात. दर रविवारी चर्चला जातो. लहान पाप खरंच वाढतं का? (वाचक, कुर्ला)

उत्तर : वाढतं, आणि बहुतेक वेळा लपवण्यातून वाढतं. याकोब १:१४-१५ मध्ये क्रम आहे : वासना ओढते, ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते, पाप वाढून मरण आणतं. यरीहोच्या लुटीतून चोरी करणाऱ्या आखानाची कबुली (यहोशवा ७:२१) याहून उघड आहे. एक शिनारी (बाबेलकडचा) झगा, २०० शेकेल (जुनं वजन) चांदी, ५० शेकेलांची सोन्याची वीट. पाहिलं, लोभ धरला, घेतलं, तंबूत पुरलं. दावीद राजाचंही तेच. बथशेबाशी केलेला व्यभिचार झाकायला तो तिच्या नवऱ्याला, सैनिक उरीयाला, रणातून बोलावतो, घरी धाडू पाहतो, दारू पाजतो आणि शेवटी त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचं पत्र देतो (२ शमुवेल ११). संत ऑगस्टीन (३५४-४३०) आपल्याच मनाची साखळी सांगतो : वाकडी इच्छा, तिची वासना, वासनेची सवय, सवयीची गरज. तुम्ही सवयीच्या कडीवर आहात. 'सगळेच करतात' हे वाक्य सवय लागल्यावरच सुचतं.

आता हिशेब. जुनी बिलं काढा, टॅक्सी आणि लोकल यांतला फरक मांडा. नेमकं आठवत नसेल तर जास्तीकडे धरा. गणना ५:७ मध्ये मुद्दल अधिक पाचवा हिस्सा परत करायला सांगितलंय : ५,००० निघाले तर ६,०००. जकातदार जक्कय चौपट देतो (लूक १९:८), पण ती त्याची स्वतःची उडी. पापकबुलीत 'फादर, मी थोडा अप्रामाणिक होतो' असं गुळमुळीत बोलू नका. काय केलं, साधारण किती वेळा, हे सांगा. कॅथॉलिक धर्मशिक्षण (परिच्छेद १४५९) स्पष्ट म्हणतं की पापक्षमेने पाप जातं, पण त्याने केलेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही; चोरलेलं परत करावं लागतं. प्रॉटेस्टंट वाचक थेट देवापुढे कबुली देतील (१ योहान १:९), पण पैसे त्यांनाही परत करायचेच आहेत.

इथे एक चूक हमखास होते : रक्कम चर्चच्या दानपेटीत टाकून मोकळं होणं. पैसे कंपनीचे, दान तुमच्या नावावर! रक्कम कंपनीलाच जायला हवी. सर्वात सोपं म्हणजे पुढच्या खऱ्या खर्चाची बिलं तेवढ्या रकमेपर्यंत लावायचीच नाहीत. नाव उघड करणं दरवेळी बंधनकारक नाही. फादरशी बोलून ठरवा.

प्रश्न : माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचं घर, मेणाचा पाय वाहतात. हा पोकळपणा नाही का? (वाचक, वांद्रे)

उत्तर : मेणाचा पाय ही डोळ्यांना दिसणारी विनंती आहे, त्यात गैर काही नाही. बिघडतं ते सौदा सुरू झाला की : 'फ्लॅट मिळाला तर इतक्या मेणबत्त्या.' नवस बोलून न फेडण्यापेक्षा न बोललेलाच बरा, असं उपदेशक ५:५ सांगतो. बोलायचाच असेल तर झेपेल एवढा बोला, तारीख ठरवा, आणि फ्लॅट मिळो न मिळो, फेडा.