साखर ‘ॲब्सेंट’ कशी असते?

प्रश्न : बाबांच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘शुगर : ॲब्सेंट’ असं छापून आलं. तेव्हापासून ते विचारतायत, “गैरहजर म्हणजे रजेवर गेलीय का? परत कधी येणार?” हसू आलं, पण नीट सांगता आलं नाही. त्यातच भावाने अमेरिकेतून घरभाड्याचा करार पाठवला. त्यात एक वाक्य ‘ॲब्सेंट रिटन नोटिस, द लीज शॅल रिन्यू’ असं आहे. इथे कोण गैरहजर? — एक वाचक, सांगली

उत्तर : आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण ॲब्सेंटवर इतका मार्मिक प्रश्न एकाही पोराने विचारला नाही.

ॲब्सेंट म्हणजे नुसतं ‘नाही’ नव्हे. जिथे असणं अपेक्षित होतं, निदान जिथे शोध घेतला, तिथे नाही. चौदा नंबर पुकारला आणि कुणी ‘हजर’ म्हटलं नाही, तर तो ॲब्सेंट. शेजारच्या गावातली पोरंही माझ्या वर्गात नसायची, पण त्यांची नावंच मस्टरवर नव्हती, मग त्यांना ॲब्सेंट कोण म्हणणार? लघवीचा रिपोर्ट हाही मस्टरच. साखर, अल्ब्युमिन अशी नावं एकेक करून पुकारायची आणि ‘ओ’ कोण देतंय ते पाहायचं. फरक एवढाच, की इथली गैरहजेरी चांगली. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती सगळी अडवता येत नाही आणि ती लघवीत उतरते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र साखर कधीच ॲब्सेंट दिसायची नाही. तिथे तिला हजर राहावंच लागतं.

शब्द मूळचा लॅटिन, ‘दूर असणं’ या अर्थाचा. म्हणून इंग्रजीत ‘ॲब्सेंट फ्रॉम स्कूल’. आपण ‘शाळेत गैरहजर’ म्हणतो, त्यामुळे माझी पोरं हटकून ‘ॲब्सेंट इन स्कूल’ लिहायची आणि मी लाल पेन घेऊन बसायची.

गैरहजर हा शब्द कचेरीतला. घरात आपला शब्द ‘खाडा’. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांवर गोल आणि कामवाल्या मावशींच्या खाड्यांवर फुली असते. खाडा म्हटलं की महिनाअखेरचा हिशेब आलाच. ॲब्सेंटमध्ये ती वजाबाकी नाही.

‘ॲब्सेंट-माइंडेड’चं भाषांतर ‘विसरभोळा’ करतात, ते मला अर्धंच पटतं. विसरभोळ्याला आठवत नाही. हा मुळात तिथे नसतोच. एका पोराचा नंबर मी तीनदा पुकारला, उत्तर नाही, म्हणून ‘ए’ मांडला. मान वर केली तर पोरगं समोर तिसऱ्या बाकावर, खिडकीतून एसटी वळताना बघत बसलेलं! मस्टरमध्ये खाडाखोड चालत नसे, पण त्या दिवशी केली. (तशी ती नोंद चुकीची नव्हती.)

हाच शब्द क्रियापद झाला, की जोर दुसऱ्या अक्षरावर जातो, ॲब-सेंट. आणि मागे ‘हिमसेल्फ’, ‘हरसेल्फ’ लागतं. नुसतं ‘ही ॲब्सेंटेड’ चालत नाही.

आता भावाचा करार. इथे तो विशेषणही नाही आणि क्रियापदही नाही. अमेरिकी वकिली इंग्रजीत ॲब्सेंट ‘विदाउट’च्या जागी वापरतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, ‘अभावी’. वर्तमानपत्रात ‘पुराव्याअभावी सुटका’ वाचतो ना, तोच. म्हणजे लेखी सूचनेअभावी भाडेकरार पुढे चालू राहील. तेव्हा भावाला घर सोडायचं असेल, तर फोनवर सांगून भागणार नाही. मुदतीच्या आत लेखी कळवायला सांगा.