चौकट वाकली होती

"मॅडम, मुलगी पंधरा वर्षांची आहे. दिवसभर फोनवर दुसऱ्यांचे चेहरे बघते आणि स्वतःच्या चेहऱ्याला नावं ठेवते. फोन काढून घेऊ का?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आया मी आता मोजत नाही. वडीलही येतात, पण मुलगा तासन् तास आरशासमोर दंड फुगवून बघत असेल, तर त्याला 'व्यायामाचं वेड' म्हणून हसून सोडून देतात. ते वेडही बऱ्याचदा याच घराण्यातलं असतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

या मुलीला मधुरा म्हणू. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

पहिल्या भेटीत आईच बोलत होती. मधुरा चपलेच्या टोकाकडे बघत बसली होती. "फोटो काढते, पुसते, परत काढते. समारंभाला यायला नको म्हणते. आजकालची मुलं कुठल्या थराला जातात ते आपण रोज बातम्यांत बघतोच ना!" या शेवटच्या वाक्याखाली मी वहीत रेघ मारली. का मारली, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

अशा वेळी मी आधी काही गोष्टी विचारून घेते. जेवण टाळते का, खाल्ल्यावर उलटी काढते का, वजन झपाट्याने उतरलंय का, पाळी चुकतेय का, स्वतःला इजा करून घेण्याचे विचार येतात का. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी पुढे जात नाही. मधुराच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

मग आईला बाहेर बसवलं आणि मी एक चूक केली. व्याख्यान दिलं. फोटो कसे घासूनपुसून काढलेले असतात, प्रकाशयोजना काय करते, मेकअप काय करतो. पंधराएक मिनिटं तिने सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं असतं ते मला माहितीये मॅडम. मी स्वतःच करते की."

तिने फोन काढून दोन फोटो दाखवले. पहिल्यात ती दारात उभी. दुसरा तोच, पण कंबर बारीक, नाक निमुळतं, आणि लहानपणी सायकलवरून पडल्याची भुवईवरची खूण गायब. "नीट बघा," ती म्हणाली. मला काही दिसेना. तिने बोटांनी फोटो मोठा केला. कंबरेच्या शेजारी दाराची चौकट आत वाकली होती. कंबर आत ढकलली की मागची सरळ रेघही तिच्याबरोबर ओढली जाते. "नवीन ॲपमध्ये एवढंसुद्धा कळत नाही. मी कोणाचाही फोटो आला की आधी मागच्या भिंती बघते."

"आणि भिंत वाकडी दिसली तर?"

"तर कळतं की खोटं आहे. तरीपण मला तसंच दिसायचं असतं."

मोठी माणसं नेमकी इथेच फसतात. मुलांना 'खरं' सांगितलं की काम झालं, असं आपण धरून चालतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी संगणकावर बदलली असेल, तर फोटोवर तसं छापणं बंधनकारक आहे. कायदा चांगलाच आहे. पण अशा सूचनांवर जे अभ्यास झाले, त्यांत बहुतेक वेळा बघणाऱ्यांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी काही कमी झालेली दिसली नाही. फूटपट्टी खोटी आहे हे कळलं, तरी हाताशी दुसरी नसेल तर माणूस तिनेच मोजत राहतो.

पुढच्या वेळी आईने विचारलं, "आमच्या वेळी फोन नव्हते, म्हणून हे सगळं नव्हतं ना?" मी त्यांना फिजी बेटांबद्दल सांगितलं. तिथल्या एका भागात टीव्ही पोहोचला १९९५ मध्ये. भरलेलं अंग तिथे चांगलं मानलं जाई. ॲन बेकर या संशोधिकेने त्याच सुमारास शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजनासाठी उलटी काढणारी एकही मुलगी आढळली नाही. १९९८ मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा अशा मुली ११.३ टक्के निघाल्या. सोशल मीडिया तेव्हा जन्मालाही आला नव्हता. आई गप्प झाल्या. घरातला टीव्ही संध्याकाळभर त्यांच्याच हातात असायचा.

म्हणून मी दोघींना मिळून एक काम दिलं. आठवडाभर रोज अर्धा तास बातम्या आणि मधल्या जाहिराती एकत्र बघायच्या आणि एका वहीत मांडायच्या: बाई दिसली तर ती काय करत होती, तरुण मुलं दिसली तर कशासाठी दिसली, आणि बोलायला माइक कोणाला मिळाला. कल्पना माझी नाही. अनेक देशांतले स्वयंसेवक १९९५ पासून साधारण दर पाच वर्षांनी एक दिवस ठरवून बातम्यांची अशीच मोजणी करतात. पहिल्या वेळी बातम्यांतल्या माणसांत बायका १७ टक्के होत्या, २०१५ मध्ये २४ आणि २०२० मध्ये २५. जगात अर्ध्या, बातमीत पाव.

वही परत आली तेव्हा आईच चिडलेल्या होत्या. "मॅडम, माझ्या वयाची बाई जाहिरातीत येते ती फक्त गुडघे दुखायला! नाहीतर फरशी पुसायला." मी हसले. त्या हसल्या नाहीत. आपण सत्तेचाळीसच्या आहोत आणि वीसेक वर्षं केस रंगवतोय, ते कोणासाठी, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

तरुणांचं पान मधुराने लिहिलं होतं. सात दिवसांत तिच्या वयाची मुलं सहा वेळा दिसली: अपघात, नशा, परीक्षेतला पहिला नंबर, मारामारी, फोनचं व्यसन, पुन्हा अपघात. बोलायला माइक मिळाला एकट्या पहिल्या नंबरवाल्याला. पानाच्या तळाशी तिने लिहिलं होतं, "फोनच्या व्यसनावर चार जण बोलले. चौघेही पन्नाशीच्या पुढचे."

ते वाचून दाखवताना ती एकदम थांबली. म्हणाली, "आई मला बघतच नाही. मी हातात फोन घेतला की तिला ती बातमीतली मुलगी दिसते."

पहिल्या दिवशी मारलेली रेघ मला तेव्हा आठवली. आईला काही बोलता आलं नाही. मीही ती शांतता घाईने भरून काढली नाही.

आता फोनचं. सरसकट काढून घ्या असं मी सांगत नाही. मैत्रिणी, अभ्यास, करमणूक सगळं त्यातच असतं, आणि जबरदस्तीने काढलेला फोन लपून परत येतो. वेळ कमी केल्याचा उपयोग मात्र होतो. कॅनडातल्या एका प्रयोगात १७ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणला, तर स्वतःच्या दिसण्याबद्दल त्यांना आधीपेक्षा बरं वाटू लागलं. मधुराने स्वतःच तासभर ठरवला, चार दिवस पाळला, पाचव्या दिवशी मोडला, पुन्हा धरला. बघून झाल्यावर जीव खट्टू होतो अशी अकरा खाती तिने काढून टाकली. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, आईवडिलांचेसुद्धा.

सगळ्यात जड गेला तो शेवटचा नियम: पडद्यावर दिसणाऱ्या कोणाच्याही शरीरावर घरात शेरा मारायचा नाही. 'ही किती सुटलीये' किंवा 'वय दिसायला लागलं हिचं' ही वाक्यं त्या घरात इतकी रुळलेली होती की वडिलांना पहिले काही दिवस टीव्हीसमोर बोलायला विषयच उरला नाही.

तीन महिन्यांनी मधुरा आली तेव्हा फिल्टर पूर्ण सुटलेला नव्हता. भुवईवरची खूण मात्र फोटोत परत आली होती. जाताना तिने ती वही माझ्यापुढे उघडून धरली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "आज बातम्या बघताना आई 'ही आजकालची मुलं' म्हणाली नाही. दोनदा म्हणता म्हणता थांबली."